पाणी इंजिनाला थंड करीत नाही

तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारतो. लांबच्या प्रवासाला निघायचे आहे, तर मोटारसायकलचे इंजिन हवेने थंड होणारे बरे की पाण्याने? उत्तर तयारच असते : पाण्याने. का? तर पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त, म्हणून. ‘बरे, मग ते पाणी कशाने थंड होते?’ असे विचारले की बहुतेकांची गाडी तिथेच बंद पडते.

विद्यार्थिमित्रांनो, वही घ्या. आपण थोडे गणित करू.

समजा, ३५० घनसेंटीमीटरची एक मोटारसायकल ताशी ७० कि.मी. वेगाने चालली आहे आणि लिटरमागे ३५ कि.मी. जाते. म्हणजे तासाला २ लिटर पेट्रोल जळते. एका लिटरमधून सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. तासाचे ६४ मेगाज्यूल झाले, म्हणजेच जवळजवळ १८ किलोवॉट. यातील चाकापर्यंत पोहोचते ती फार तर पाव हिस्सा. बराचसा भाग धुराड्यावाटे निघून जातो आणि ढोबळमानाने ५ किलोवॉट सिलिंडरच्या भिंतींत शिरतात. घरातल्या एक किलोवॉटच्या पाच इस्त्र्या एकदम चालू करून एका डब्यात ठेवल्या तर जे होईल, ते तुमच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये चाललेले असते. ही उष्णता बाहेर काढली नाही तर ६६० अंशाला वितळणारे ॲल्युमिनियम फार काळ टिकणार नाही, कारण आतल्या जळत्या वायूचे तापमान २००० अंश सेल्सियसच्या वर जाते.

आता इंजिनाभोवती दीड लिटर पाणी भरले, असे समजू. ५ किलोवॉट उष्णतेने हे पाणी दर सेकंदाला ०.८ अंशाने तापेल. ३० अंशांपासून उकळायला लागेल अवघे दीड मिनिट! तेव्हा पाणी उष्णता पोटात घेऊन बसत नाही. ते फक्त हमाल आहे. सिलिंडरपाशी ओझे उचलायचे आणि रेडिएटरपाशी उतरवायचे. आणि रेडिएटर ते ओझे कोणाच्या हवाली करतो? हवेच्याच! पाण्याने थंड होणारे इंजिनसुद्धा शेवटी हवेनेच थंड होते. पाणी इंजिनाला थंड करीत नाही, उष्णतेची जागा बदलते. पाठ्यपुस्तकांतल्या ‘फरक स्पष्ट करा’च्या दोन रकान्यांत ही गोष्ट हरवते, आणि माझी तक्रार आहे ती याच रकान्यांबद्दल.

पाण्याशिवाय काम कसे भागते? सिलिंडरभोवतीच्या त्या पातळ पात्या, ज्यांना गॅरेजमध्ये ‘फिन’ म्हणतात, त्या नीट पाहा. दहा सेंटीमीटर व्यासाच्या, बारा सेंटीमीटर उंचीच्या गुळगुळीत सिलिंडरचे बाह्य पृष्ठफळ ०.०४ चौरस मीटरसुद्धा भरत नाही. पाच किलोवॉट हवेत सोडायला मात्र अर्धा ते पाऊण चौरस मीटर लागते. ती वाढ या पात्यांनी साधलेली असते. रविवारी घरची गाडी थंड असताना सुतळी आणि पट्टी घेऊन प्रत्येक पातीच्या दोन्ही बाजू मोजा. उत्तर पाहून चकित व्हाल. शिक्षकांनी हे प्रात्यक्षिक वर्गाबाहेर जरूर करून घ्यावे.

पात्यांची खरी अडचण क्षेत्रफळाची नाही, वेगाची आहे. ऐन मे महिन्याच्या दुपारी मी आणि मागे एक मित्र, शिवाय सामान, असे खंबाटकीचा घाट चढत होतो. पुढे उसासारखा खचाखच भरलेला ट्रक. दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी पंधराच्या वेगाने चाललेल्या इंजिनातून थोड्याच वेळात धातूवर धातू आपटल्यासारखे ठोके ऐकू येऊ लागले. सिलिंडरचे डोके इतके तापले होते की ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेट घेत होते. भार सगळ्यात जास्त आणि वारा सगळ्यात कमी, ही पात्यांची कसोटी. अर्धा तास झाडाखाली बसून काढला. रेडिएटर असता तर त्याचा पंखा सुरू झाला असता आणि आम्ही घाटमाथ्यावर चहा घेत असतो.

मग पाण्याचीच बाजू खरी का? थांबा. रॉयल एनफील्डच्या ‘हिमालयन’चे उदाहरण घ्या. २०१६ साली आलेल्या गाडीचे ४११ घनसेंटीमीटरचे इंजिन हवेने, तेलाची थोडी मदत घेऊन, थंड होत असे आणि सुमारे २४ अश्वशक्ती देत असे. २०२३ साली आलेल्या नव्या गाडीत ४५२ घनसेंटीमीटरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन बसवले. शक्ती सुमारे ४०! आकार दहा टक्के वाढला आणि शक्ती पासष्ट टक्के. एवढी उष्णता एवढ्याशा जागेतून, विशेषतः धूर सोडणाऱ्या झडपेजवळच्या चिंचोळ्या धातूतून, पात्यांनी काढणे अवघड. सिलिंडरचे डोके थंड राहिले की मिश्रण अधिक दाबता येते. जुन्या इंजिनात दाबाचे गुणोत्तर ९.५ होते, नव्यात ११.५ आहे. ऑटो चक्राच्या सूत्रात हे आकडे घातले तर आदर्श कार्यक्षमता ५९ टक्क्यांवरून ६२ वर जाते.

शर्यतीतही हेच दिसले. पॅरिस-डाकार ही सहाराची शर्यत १९८१ साली हवेने थंड होणाऱ्या बीएमडब्ल्यूने जिंकली, वाळवंटात! १९८३ ते १९८५ ही वर्षेही तिचीच. मग १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षे पाण्याने थंड होणाऱ्या होंडाने बाजी मारली. वाळवंट तेच होते. वाढली होती ती शक्तीची मागणी.

म्हणून माझे मत असे की, ‘चांगले कोणते?’ हा प्रश्न अर्धवट आहे. लिटरमागे किती अश्वशक्ती हवी, ते आधी सांगा. वीस-बावीस अश्वशक्तीत समाधान मानून ताशी सत्तर-ऐंशीने जाणाऱ्याला ‘जुनाट इंजिन’ म्हणून हिणवणे मला पटत नाही. शिवाय पाण्याची पद्धत नवी आहे, हेही खरे नाही. इंग्लंडच्या स्कॉट मोटारसायकलींनी ती पहिल्या महायुद्धाआधीच वापरली होती.

लडाखला जाणारे विचारतात, विरळ हवेत पात्या चालतील का? चालतात. हवा विरळ झाली तर रेडिएटरचेही तेवढेच नुकसान होते, आणि ऑक्सिजन कमी मिळाल्याने इंजिन पेट्रोलही कमी जाळते. उलट ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला येथे उघडे पाणी सुमारे ८३ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते म्हणून निभावते. त्या झाकणाचे रबर कुजले असेल तर तिथे कळेल. पाण्यात ग्लायकॉल घातले नसेल तर रात्री गोठणाऱ्या पाण्याचा इंगा वेगळाच. टांडीच्या पेट्रोल पंपावर ‘पुढचा पंप ३६५ कि.मी.’ अशी पाटी वर्षानुवर्षे होती. अशा रस्त्यावर एक अणकुचीदार खडा रेडिएटरला भोक पाडू शकतो. पातीचा तुकडा उडाला तर गाडीला पत्ताही लागत नाही.

माझी स्वतःची गाडी अजून पात्यांवरच थंड होते. मे महिन्यात खंबाटकी चढायची असेल तर मी पुण्याहून पहाटे पाचला निघतो.