अडलेली घोडी आणि पन्नास लाखांचे अनुदान

सेनगाव तालुक्यातील आमच्या गोरेगावकडे रब्बीची पिके निघाली की मोकळ्या रानात मेंढपाळांचे तळ पडतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य वा चार पैसे मिळतात. या व्यवहाराचे सारे ओझे ज्या पाठीवर चालते, ती पाठ घोडीची असते. पाल, भांडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि प्रसंगी लहान मूलही तिच्यावरच. घोडी मेली तर ते ओझे घरच्या बाईच्या डोक्यावर येते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत घोडी हे या कुटुंबाचे उत्पादनसाधन आहे. आमच्या पशुसंवर्धनाच्या हिशेबात मात्र ती नाही, कारण ती डेअरीला दूध घालत नाही.

घोडी सुमारे अकरा महिने गाभ वागवते आणि वितांना मात्र अर्ध्या तासाचीच मुदत देते. गाय अडली तर काही तास हाती असतात. घोडीच्या कळा इतक्या जोराच्या असतात, आणि वार इतक्या लवकर सुटू लागते, की शिंगराचे लांब पाय किंवा मान आत दुमडली तर ते गुदमरून मरते. पांढुरक्या पिशवीऐवजी लाल मखमली पिशवी आधी दिसली, तर वार अगोदरच सुटली असे समजून ती तत्काळ फाडावी लागते. व्याल्यावर तीन तासांत वार पडली नाही तर विषबाधा होते, खुरांना सूज येते, आणि जगलेली घोडीही पुन्हा ओझे वाहू शकत नाही. आणि हे सारे घडते बहुधा मध्यरात्री, तर दवाखाना उघडतो सकाळी.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार पशू-एककांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस केली होती. आज केंद्राच्या योजनेत फिरते पथक आहे ते लाखभर जनावरांमागे एक. १९६२ हा क्रमांक फिरवून गाडीची वाट पाहावी, हा सल्ला ज्याने दिला त्याने घोडी विताना कधी पाहिली नसावी.

उलट दुसरीकडे पाहा. शर्यतीच्या घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात; म्हणून स्टड फार्मवर रात्री दिवे लावून घोड्या लवकर माजावर आणतात, आणि विण्याच्या रात्री माणसे पहाऱ्याला बसतात. धनिकाच्या नफ्यासाठी निसर्गाचे पंचांगही बदलते. पालातल्या घोडीला विताना एक कंदील मिळाला तरी पुष्कळ!

सरकार काहीच करीत नाही असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घोडे, गाढवे, खेचरे व उंट यांच्या उद्योगासाठी पन्नास टक्के, कमाल पन्नास लाखांचे भांडवली अनुदान मंजूर केले. योजना व्यक्तीला खुली, बचत गटालाही खुली. समतेचा केवढा हा देखावा! उरलेले पन्नास टक्के कोण आणणार? ज्याच्या नावावर सात-बाराही नाही तो मेंढपाळ, की स्टड फार्मचा मालक?

आमच्याही काही मित्रांना घोडा म्हटला की जहागीरदार आणि रेसकोर्सच आठवतो. सर्पदंशावरचे औषध घोड्याच्याच रक्तापासून होते, हे रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तरी विसरू नये. ‘घोडे उरलेत किती?’ असेही विचारले जाते. देशात २०१२ साली सव्वासहा लाख होते, २०१९ च्या पशुगणनेत तीन लाख चाळीस हजार निघाले. कमी झाले म्हणून सेवा नको, आणि सेवा नाही म्हणून आणखी कमी, असा हा न्याय आहे.

मागण्या साध्या आहेत. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत तालुक्याला एका पशुवैद्यकाची रात्रपाळी असावी. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील शिक्षकांनी तळांवर येऊन मेंढपाळ स्त्री-पुरुषांना अडलेली घोडी ओळखायला शिकवावे. आणि घोडी दगावल्यास भरपाई मिळावी. त्यासाठी कायम पत्त्याची अट नसावी, कारण तळाला कायमचा पत्ता नसतोच. तहसीलवरील पुढच्या मोर्च्याच्या निवेदनात, रोजगार हमीच्या मागण्यांखाली, ही तीन कलमे घातली पाहिजेत. निवेदन लिहिण्याआधी कार्यकर्त्यांनी एक रात्र तळावर काढावी.