आधी रोल, मग गाणं!

बँजो शिकवणारा कुठलाही व्हिडिओ उघडा, आश्वासन एकच. पहिल्याच आठवड्यात अख्खं गाणं! खाली टॅब दिलेला असतो. कुठली तार, कुठला फ्रेट, कितव्या ठोक्याला, सगळं आकड्यांत मांडलेलं. तुम्ही फक्त आकडे वाचायचे आणि बोटं हलवायची.

माझं स्पष्ट मत आहे की ही शिकणाऱ्याची फसवणूक आहे. गोड बोलून केलेली, पण फसवणूकच.

आधी एक खुलासा. बँजो म्हटलं की आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी येते. ते बटणांचं वाद्य वेगळं. मी बोलतोय ते अमेरिकेतल्या ब्लूग्रासमधल्या पाच तारांच्या बँजोबद्दल. गोल कडं, त्यावर तबल्याच्या पुडीसारखं ताणलेलं आवरण (पूर्वी कातड्याचं, आता बहुधा प्लास्टिकचं), त्यावर घोडी, आणि लांब दांडा. उजव्या हाताच्या अंगठ्यात, तर्जनीत आणि मधल्या बोटात नख्या घालून वाजवतात. सतार ऐकणाऱ्यांना पाचवी तार लगेच कळेल. ती आखूड असते, अंगठ्याच्या सगळ्यात जवळ असते आणि सुराने सगळ्यात उंच असते. चिकारीच समजा. नेहमीच्या जी ट्यूनिंगमध्ये अंगठ्याकडून खाली मोजत गेलं तर वरचा सा, मंद्र प, सा, ग, प. म्हणजे डावा हात खिशात ठेवून नुसत्या तारा छेडल्या तरी जी कॉर्ड वाजते.

आता रोल म्हणजे काय? तीन बोटांनी ठरलेल्या क्रमाने वाजवलेले आठ स्वर. बस्स. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, आणि पुन्हा तेच, हा फॉरवर्ड रोल. उलट क्रमाने गेलात की बॅकवर्ड. पुढे जाऊन अर्ध्यातून मागे फिरलात की फॉरवर्ड-रिव्हर्स. आणि एकाआड एक अंगठा आला की ऑल्टरनेटिंग थंब. त्यात तारांचा क्रम असतो तीन, दोन, पाच, एक, चार, दोन, पाच, एक. हे चार क्रम पाया म्हणून पुष्कळ झाले.

"एवढंच? मग त्यात महिना काय घालवायचा?" हा प्रश्न मला आजवर तीन जणांनी विचारलाय, आणि तिघंही इंजिनिअर! क्रम पाठ झाला की विषय संपला असं आपल्याला वाटतं, कारण आपण आयुष्यभर परीक्षा तशाच दिल्यात. पण क्रम पाठ व्हायला पाच मिनिटं लागतात. बोटांना तो समजायला आठवडे लागतात, आणि ते आठवडे टाळता येत नाहीत.

जरा हिशोब करू. मेट्रोनोम ६० वर लावला आणि प्रत्येक ठोक्याला दोन स्वर वाजवले तर सेकंदाला दोन स्वर. ब्लूग्रासमधलं एखादं वेगवान गाणं १५० च्या गतीला, ठोक्याला चार स्वर. म्हणजे सेकंदाला दहा! दहापैकी एकेका स्वराचा विचार करून कोणीही वाजवू शकत नाही. विचार 'आता हा रोल, आता तो रोल' एवढ्याच पातळीवर राहू शकतो. ज्याच्या हातात रोल नाहीत, तो सोळा मापांचं एक साधं गाणं म्हणजे १२८ सुटे स्वर पाठ करतो. ज्याच्या हातात आहेत, त्याला त्याच गाण्यात चार-पाच ओळखीचे आकार दिसतात, बाकी थोडे फेरफार. पहिला माणूस दुसरं गाणं शिकायला बसला की पुन्हा शून्यापासून १२८. फंक्शन न लिहिता तोच कोड शंभर ठिकाणी कॉपी-पेस्ट करणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो? तेच इथे म्हणा.

आणि रोल हा नुसता बोटांचा व्यायाम नाही, त्यात ताल आहे. केरवा आठ मात्रांचा, रोलही आठ स्वरांचा. ऑल्टरनेटिंग थंबमध्ये अंगठा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या स्वरावर पडतो. दोन-दोन-दोन-दोन, सरळ चाल. फॉरवर्ड रोलमध्ये तीनचे गट आठमध्ये बसवायचे असतात, म्हणून तीन-तीन-दोन. अंगठा पडतो पहिल्या, चौथ्या आणि सातव्यावर. ब्लूग्रास ऐकताना बँजो पुढे ओढत नेतोय असं जे वाटतं ना, त्याचं मोठं कारण हे तीन-तीन-दोन आहे. तबल्यावर ज्याने तिहाई ऐकलीय त्याला हे वेगळं समजवायला नको. टॅबच्या आकड्यांवरून मात्र हे कळत नाही. तिथे आठही आकडे सारखेच दिसतात.

आता विरुद्ध पक्षाचं ऐकू. त्यांचा हुकमी एक्का म्हणजे अर्ल स्क्रग्स. नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतकरी घरातला हा माणूस (१९२४-२०१२) डिसेंबर १९४५ मध्ये बिल मन्रोच्या ब्लू ग्रास बॉइजमध्ये आला आणि त्याच्या तीन बोटांनी या संगीताचा चेहरा ठरवला. युक्तिवाद असा की स्क्रग्सने कुठे रोल घोटले? तो दहाएक वर्षांचा असताना 'रूबेन' वाजवता वाजवता आपण तीन बोटं वापरतोय हे त्याच्या लक्षात आलं, अशी आठवण त्यानेच सांगितलेली आहे. म्हणजे गाण्यातूनच आलं ना सगळं?

आलं, मान्य! पण कुठे आलं ते बघा. त्या भागात तीन बोटांनी वाजवणारे त्याच्या आधीपासून होते, स्मिथ हॅमेट होता, स्नफी जेंकिन्स होता. हा नाद त्याच्या कानावर लहानपणापासून होता. तुमच्या-माझ्या कानावर काय होतं? लता, आशा, फार तर बीटल्स. जे त्याला हवेतून मिळालं ते आपल्याला मेहनतीने मिळवावं लागणार. आणि त्याच स्क्रग्सने १९६८ मध्ये शिकणाऱ्यांसाठी पुस्तक काढलं, तेव्हा त्यात उजव्या हाताचे रोल व्यायाम म्हणून दिलेच.

त्याचा आणखी एक किस्सा मला फार आवडतो. तो आणि त्याचा भाऊ होरेस एकत्र गाणं सुरू करायचे आणि घराला उलट दिशांनी फेरी मारायचे. पलीकडे भेटल्यावर दोघं अजून एकाच ठोक्यावर आहेत का ते बघायचं! वेग नाही, करामत नाही, फक्त लय सुटते की नाही. मेट्रोनोम नसलेल्या पोरांनी स्वतःसाठी मेट्रोनोम शोधला होता. आणि आपण? फुकटचं अॅप फोनमध्ये असून ते उघडायचा कंटाळा.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. नुसते रोल घोटणारा माणूस शिलाई मशीनसारखा वाजवतो. टकटकटकटक, सगळं सारखं, सूर कुठला आणि भरणा कुठला कळतच नाही. हे खरं आहे, असे वादक मी ऐकलेत. पण यात दोष रोलचा नाही, ते कोरडे शिकवण्याचा आहे. कायदा नुसता पाठ करून घेणारा तबल्याचा मास्तर असतो, तसाच हा. रोल पहिल्या दिवसापासून संगीत म्हणून वाजवा. एक माप जी, मग सी, मग डी सेव्हन, मग परत जी. डी सेव्हनला फक्त दोन बोटं लागतात: दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट, तिसरीवर दुसरा. कॉर्ड बदलताना उजवा हात थांबता कामा नये. डावा हात चुकला तर चुकू दे, रोल चालूच! मग हळूहळू अंगठ्याची तार बदलून त्यात एखाद्या गाण्याचे सूर पेरा. आता गाणं आलं की नाही? पण ते रोलच्या आतून आलं.

मी स्वतः रोज वीस मिनिटं देतो. ६० च्या गतीला एक रोल, न थांबता पाच मिनिटं. असे चार. शनिवारी तेच रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत उघडतो. लाटांची शिखरं डोळ्यांना दिसतात, त्यांच्यातली अंतरं सारखी आहेत का, तर्जनीचं शिखर अंगठ्याच्या मानाने बुटकं आहे का, सगळं समोर. ती सारखी झाली की मगच चार ठोके वाढवायचे. लॉग बघून बग शोधणाऱ्या जमातीला याहून सोपं काय असणार?

एवढा आवाज का करतोय? कारण या घाईची किंमत वाद्य विकणारा भरत नाही आणि व्हिडिओ बनवणाराही भरत नाही. ती शिकणारा भरतो. आठवड्यात गाणं वाजतं, अडखळत का होईना, घरचे टाळ्या वाजवतात. तीन महिन्यांनी तेच गाणं तेवढंच अडखळत वाजतं. वेग वाढवला की कोसळतं, दुसऱ्याबरोबर बसलं की लय सुटते. मग माणूस म्हणतो, "आपल्या हातात संगीतच नाही." आणि बँजो भिंतीवर, शोभेला. माझ्या ओळखीच्या दोघांचे आज भिंतीवर आहेत. त्यांच्या हातात संगीत नव्हतं हे मला मान्य नाही. त्यांना पाया शिकवलाच गेला नाही, आणि वर दोष त्यांच्याच माथी आला.

तेव्हा टॅब मिटवा. डावा हात खिशात. मेट्रोनोम ६०. अंगठा, तर्जनी, मधलं बोट... गाणं कुठे पळून जात नाहीये!