हौशींचा पैसा, गुरूंचा निवाडा

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल हे गाव समाजवादी चळवळीच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. ब्रिटिश मजूर पक्षाची कितीतरी अधिवेशने येथे भरली. युद्धकालीन संयुक्त सरकार पुढे चालू ठेवण्यास पक्षाने 1945 च्या मे महिन्यात नकार दिला, तोही ब्लॅकपूलच्याच अधिवेशनात. या गावातील विंटर गार्डन्स या वास्तूमध्ये एम्प्रेस बॉलरूम नावाचे 1896 साली बांधलेले भव्य दालन आहे. तेथे दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस निराळाच मेळा भरतो. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप या जोडीने नाचायच्या नृत्यप्रकारांत जगभरातील व्यावसायिक आणि हौशी जोडपी येथे स्पर्धेला उतरतात. हौशींच्या जगात या दालनातील बक्षिसापेक्षा मोठे बक्षीस नाही असे मानले जाते. परंतु ते बक्षीस कोण देतो, कोणत्या अधिकाराने देतो आणि त्या व्यवहारात कोणाचा खिसा भरतो, या प्रश्नांकडे सहसा कोणी वळत नाही.

बॉलरूम नृत्य म्हणजे बड्या लोकांची चैन, त्याच्याशी श्रमिकांच्या चळवळीला काय कर्तव्य, असा आक्षेप कार्यकर्त्यांपैकी कित्येकांच्या ओठावर येईल. तो अज्ञानातून आलेला आहे. ब्लॅकपूल उभे राहिले ते लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील कामगारांच्या पैशावर. वर्षातून एकदा एकेका गावाच्या गिरण्या आठवडाभर बंद होत आणि वर्षभर पै पै साठवून सारे गावच्या गाव या किनाऱ्यावर लोटे. पगारी रजेचा कायदा झाला 1938 साली. त्यापूर्वी या सुटीचा आठवडा म्हणजे बहुतेकांना बिनपगारी आठवडा होता. साच्यांच्या खडखडाटात दिवस काढणारी तरुण कामगार स्त्री संध्याकाळी गावच्या नृत्यगृहात पावले गिरवी आणि सुटीत ब्लॅकपूलच्या लाकडी जमिनीवर ती पावले टाकून पाही. हे नृत्य राजवाड्यातून आले असेल. ते जगले मात्र गिरणीगावांत. तेव्हा कामगाराच्या श्रमावर कोणाची मालकी हा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्याच्या आनंदावर कोणाची मालकी हाही प्रश्न विचारायला हवा.

ती मालकी कशी प्रस्थापित झाली, याचा इतिहास बोलका आहे. ब्लॅकपूलचा नृत्यमहोत्सव 1920 मध्ये सुरू झाला. त्याची कल्पना कोणाची, याबाबत दोन नावे घेतली जातात. एक विंटर गार्डन्सचे संगीत दिग्दर्शक हॅरी वूड यांचे आणि दुसरे नेल्सन शार्पल्स यांचे. हे शार्पल्स संगीताचे प्रकाशक होते, म्हणजे स्वरलिपीच्या छापील प्रती विकणे हा त्यांचा धंदा. पहिल्या वर्षीच्या स्पर्धा नाचणाऱ्यांतून उत्तम जोडी निवडण्यासाठी नव्हत्याच. वॉल्ट्झ, टू-स्टेप आणि फॉक्सट्रॉट या तीन तालांवर नवे नाच शोधण्यासाठी त्या होत्या. नवा नाच आला की नवी धून आली आणि धून आली की तिच्या प्रती खपल्या! इतक्या उघड व्यापारी हेतूला निदान दांभिकपणाचा दोष देता येणार नाही.

दांभिकपणा शिरला तो शिक्षकांच्या संघटनांबरोबर. नृत्यशिक्षकांची ‘इम्पीरियल सोसायटी’ 1904 पासून होती (साम्राज्याचा तोरा नावातच आला). तिची बॉलरूम शाखा 1924 मध्ये निघाली, आणि पाऊल किती टाकावे, टाच केव्हा उचलावी, अंग कोठे वळवावे याचे प्रमाणीकरण सुरू झाले. 1929 मध्ये शिक्षकांच्या मोठ्या परिषदेतून बॉलरूम नृत्याचे ‘अधिकृत मंडळ’ जन्माला आले. प्रमाणीकरणाने कलेचे हित झाले नाही असे नव्हे. लिव्हरपूलचा मुलगा लंडनच्या मुलीबरोबर विनासायास नाचू लागला, हा लाभ लहान नव्हता. परंतु ज्याने प्रमाण ठरवले त्यानेच ते शिकवण्याची फी घेतली, त्यानेच प्रमाणपत्रे दिली, त्यानेच स्पर्धा मान्य केल्या आणि त्यानेच परीक्षकाच्या खुर्चीवर बसून निकाल लावला. हौशी कोणाला म्हणावे हेदेखील व्यावसायिकांनीच ठरवले. अर्थशास्त्रात याला मक्तेदारी म्हणतात. जुन्या गावगाड्याच्या भाषेत वतनदारी म्हणता येईल.

हौशी या शब्दाचा पूर्वेतिहास मुळातच काळा आहे. हेन्ली येथील होड्यांच्या शर्यतीसाठी 1879 मध्ये जी व्याख्या झाली, तिने हाताने काम करून मजुरी मिळवणारा कारागीर वा मजूर ‘हौशी’ असूच शकत नाही असे ठरवले. 1920 मध्ये अमेरिकेचा जॉन केली या नावाड्याला तेथे प्रवेश नाकारला गेला. त्याने गवंडीकाम केले होते. त्याच वर्षी त्याने ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून या शहाण्यांना उत्तर दिले ही गोष्ट वेगळी. तेथे हौशीपणाची भिंत गरिबाला बाहेर ठेवण्यासाठी होती. नृत्याच्या क्षेत्रात तीच भिंत उलट कामी आली. हौशी आत हवा, कारण पैसा त्याच्याकडूनच यायचा आहे. शिकवणीची फी, पोशाख, बूट, प्रवास, प्रवेशशुल्क, सारे त्याने भरायचे. आणि कारभारात मात्र त्याला मत नाही.

आता परीक्षणाकडे पाहावे. या स्पर्धांचे निकाल जिच्याने लागतात ती ‘स्केटिंग पद्धत’ 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. परीक्षकांची संख्या विषम ठेवायची. अंतिम फेरीत प्रत्येकाने जोड्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम द्यायचे. आणि गुणांची सरासरी न काढता क्रमांचे बहुमत पाहायचे. गणित म्हणून ही पद्धत चांगली आहे. एखाद्याच परीक्षकाने पक्षपात केला तर बहुमत त्याला निष्प्रभ करते. पण बहुमताचा हा गुण एका अटीवर अवलंबून असतो: परीक्षकांची मते परस्परांपासून स्वतंत्र असली पाहिजेत. नऊही परीक्षक एकाच धंद्यातले, एकमेकांच्या शिष्यांचे निकाल लावणारे, आज तू माझ्या शिष्याचा परीक्षक तर उद्या मी तुझ्या शिष्याचा, अशी स्थिती असेल तर बहुमत पक्षपाताला आवर घालत नाही. त्याच्यावर शिक्कामोर्तब करते. शिवाय परीक्षकाला कारण द्यावे लागत नाही. प्राथमिक फेरीत बारा जोड्या एकाच वेळी नाचत असतात आणि संगीत दीड मिनिट चालते. वाट्याला येतात एका जोडीमागे साडेसात सेकंद. एवढ्या वेळात परीक्षकाची नजर कोणावर थांबते? स्वाभाविकच ओळखीच्या चेहऱ्यावर. आणि चेहरा ओळखीचा करण्याचा राजमार्ग म्हणजे स्पर्धेच्या आधी त्याच परीक्षकाकडे खाजगी शिकवणी लावणे. यात लाच नाही, कायदेभंग नाही, कदाचित वाईट हेतूही नाही. परीक्षकाने स्वतःच्या रक्ताच्या नात्यातील स्पर्धकाचे परीक्षण करू नये असे नियम आढळतात. फीच्या नात्याविषयी मात्र बहुतेक ठिकाणी सोयीस्कर सैलपणा आहे. व्यक्ती प्रामाणिक असूनही व्यवस्था अप्रामाणिक कशी असू शकते, याचे याहून सुबक उदाहरण शोधावे लागेल.

अमेरिकेत हा व्यापार लाजही बाळगत नाही. तेथील एका स्पर्धाप्रकारात हौशी विद्यार्थी आपल्या पगारी शिक्षकाबरोबरच नाचतो. स्पर्धेचे प्रवेशशुल्क विद्यार्थ्याने द्यायचे, शिक्षकाचे मानधन विद्यार्थ्याने द्यायचे, बहुधा शिक्षकाच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा भारही त्यानेच उचलायचा. पुष्कळदा ही विद्यार्थिनी उतारवयातील, एकाकी, हातात पैसा असलेली स्त्री असते. जितके नाच अधिक तितके शुल्क अधिक. म्हणून एकेका दिवसात तिला डझनावारी नाच नाचवले जातात. आणि समारोपाला ‘सर्वोत्तम शिक्षक’, ‘सर्वोत्तम स्टुडिओ’ असे पुरस्कार जाहीर होतात. ते सर्वसाधारणपणे कोणत्या निकषावर? ज्याने सर्वाधिक प्रवेशिका आणल्या त्याला! साखर कारखान्याने सर्वाधिक ऊस घातलेल्या बागाईतदाराचा सत्कार करावा तसे हे आहे. फरक इतकाच की तेथे त्या सत्काराला कोणी ‘कलेचा पुरस्कार’ म्हणत नाही.

हौशींच्या स्वतःच्या संघटना नव्हत्या काय? होत्या. 1935 मध्ये प्राग येथे हौशींचा आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला होता. महायुद्धानंतर तो फार टिकला नाही. व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय परिषद 1950 मध्ये एडिंबरो येथे, तर हौशी नर्तकांची नवी परिषद 1957 मध्ये जर्मनीतील वीसबाडेन येथे स्थापन झाली. ज्यांनी ही दुसरी परिषद उभारली त्यांचा हेतू निर्मळ असेल. पण 1990 मध्ये तिने आपल्या नावातून ‘हौशी’ हा शब्दच काढून टाकला आणि ‘नृत्यक्रीडा’ हा शब्द घातला. ऑलिंपिकचे दार खुणावत होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता 1997 मध्ये मिळाली. मग 2007 मध्ये व्यावसायिकांच्या परिषदेने हौशींची आपली निराळी लीग काढली, आणि दोन सत्ताधीशांत जुंपली. महासंघाने आपल्याकडे नोंदलेल्या नर्तकांना दुसऱ्यांच्या स्पर्धांत नाचण्यास मनाई केली. ज्याने स्वतःच्या पैशाने नाच शिकला त्याने कोणत्या दालनात नाचावे हे त्याला न विचारता ठरू लागले. वेठबिगार निदान मालकाच्या खर्चाने राबत असे.

बर्फावरील स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही असाच नियम केला होता. नेदरलँड्सच्या दोन स्केटिंगपटूंनी त्याविरुद्ध तक्रार केली. युरोपीय आयोगाने 2017 मध्ये तो नियम स्पर्धाविरोधी ठरवला आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने त्यावर मोहोर उठवली. जी संस्था स्वतः स्पर्धा भरवून पैसा मिळवते, तिनेच प्रतिस्पर्ध्याच्या स्पर्धेत उतरण्याबद्दल खेळाडूला शिक्षा करणे हे न्यायाला धरून नाही, हे सूत्र नृत्यालाही तंतोतंत लागू पडते.

या सत्तालोभाचा कळस पॅरिसमध्ये झाला. मान्यता मिळूनही बॉलरूम नृत्याला ऑलिंपिकच्या पदकस्पर्धांत जागा मिळेना. तेव्हा महासंघाने न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या रस्त्यांवर 1970 च्या दशकात कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन पोरांनी घडवलेल्या ब्रेकिंगचा हात धरला. 2018 मध्ये ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये आणि 2024 मध्ये पॅरिसच्या मुख्य ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग झाले, आणि त्याचे यजमान ठरले कोण? शेपटीचे कोट घालून वॉल्ट्झ नाचणाऱ्यांचा महासंघ! ब्रेकिंगवाल्यांपैकी अनेकांनी आरंभीच विचारले होते की या मंडळींना आमचे प्रतिनिधित्व कोणी दिले. त्याचे उत्तर मिळाले नाही. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या कार्यक्रमातून ब्रेकिंग वगळलेलेच आहे. दरिद्री वस्तीतील मुलांच्या कलेच्या खांद्यावर चढून दाराची कडी काढायची, आणि दार पुन्हा लागले तर आत-बाहेर दोन्हीकडे त्या मुलांचे काही उरत नाही.

संयोजकांचा बचाव ठरलेला आहे. नृत्याची पारख जाणकारालाच करता येते आणि जाणकार म्हणजे शिक्षकच. त्यांना वगळले तर परीक्षण कोणी करावे? हा युक्तिवाद पोकळ आहे. शिक्षकांनी परीक्षण करू नये असे कोणी म्हणत नाही. गेल्या वर्षभरात ज्याच्याकडून फी घेतली त्याचे परीक्षण करू नये, इतकेच म्हणणे आहे. न्यायाधीश पूर्वी वकीलच असतो. म्हणून तो आपल्या अशिलाचा खटला चालवायला बसत नाही. प्रत्येक परीक्षकाने कोणाकोणाला शिकवले याची यादी स्पर्धेपूर्वी फलकावर लागावी. संयोजन समितीत आणि परीक्षक निवडणाऱ्या मंडळात नाचणाऱ्यांनी गुप्त मतदानाने निवडलेले प्रतिनिधी असावेत. प्रवेशशुल्काचा हिशेब छापला जावा. प्रवेशिकांच्या संख्येवर दिले जाणारे पुरस्कार बंद व्हावेत, किंवा त्यांना विक्रीचे बक्षीस असे त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारावी.

विंटर गार्डन्सची वास्तू ब्लॅकपूलच्या नगरपरिषदेने 2010 मध्ये विकत घेतली. म्हणजे एम्प्रेस बॉलरूमची ती गुळगुळीत लाकडी जमीन आज सार्वजनिक मालकीची आहे. सार्वजनिक मालकी आली की सार्वजनिक नियंत्रण आपोआप येते, अशी समजूत समाजवाद्यांनीही फार काळ बाळगली आणि तिची किंमत मोजली. छत नगरपरिषदेचे आणि निवाडा गुरूंच्या पंचायतीचा, अशी वाटणी येथे झालेली आहे. वरील मागण्यांपैकी निदान पहिलीसाठी पार्लमेंटच्या कायद्याची वा ऑलिंपिक समितीच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. दालन ज्या अटींवर वापरले जाते त्यांत एक कलम वाढवणे नगरपरिषदेच्या हातात आहे, आणि ते कलम वाढवा असे सांगण्याचा हक्क दरवर्षी शुल्क भरून तेथे उतरणाऱ्या शेकडो हौशी जोडप्यांचा आहे.