गाडी आपली, माहिती कुणाची?

गणपतीपुळ्याच्या वाहनतळावर एखादी मारुती ८०० दिसली की नव्या मोटारींच्या धन्यांना हसू येते. तिचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले. पण धनी कोठे गेला, हे ती कुणालाही कळवत नाही. इंटरनेटला जोडलेली मोटार मात्र मार्ग, वेग, ठिकाण कंपनीला कळवू शकते. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये तपासलेल्या २५ मोटार-ब्रँडपैकी एकही गोपनीयतेच्या कसोटीस उतरला नाही. अशा मोटारींतील चिनी प्रणालींवर अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेसाठी टप्प्याटप्प्याने बंदी जाहीर केली. आपण मात्र हीच जोडणी प्रतिष्ठा म्हणून मिरवतो! जुनी गाडी निगुतीने राखणारा कंजूष नव्हे, सावध नागरिक आहे. जोडणी बंद करण्याचा हक्क मालकाला कायद्यानेच मिळाला पाहिजे.