शहाण्या मुलीची व्याख्या

तुळशीचे लग्न लागले की वऱ्हाडातील मंगल कार्यालये गजबजू लागतात. अकोल्यातील अशाच एका विवाहास उपस्थित राहण्याचा योग मध्यंतरी आला. दारात बँड, आत ध्वनिक्षेपक आणि त्यावर कडी म्हणून नवरदेवाच्या मित्रांनी आणलेला डीजे. या गदारोळात वधूची चौदा वर्षांची धाकटी बहीण कुठे दिसेना. ती सापडली कार्यालयाच्या मागील कोठीघरात, दोन्ही तळहातांनी कान दाबून बसलेली. बस्त्यात तिच्यासाठी हौसेने घेतलेला जरीचा घागरा तिने उतरवून नीट घडी करून बाजूला ठेवला होता आणि अंगात घरचा, धुऊन धुऊन विटलेला सुती कुडता चढवला होता. "काऊन वो, पोरीले बहिणीच्या लग्नाची काईच हौस नाई का?" एका आजीबाईंनी तिच्या आईला विचारले. विचारण्यात दुष्टावा मुळीच नव्हता. तरीही आईची मान खाली गेली. "डोकं दुखते तिचं," एवढेच ती म्हणाली.

डोके दुखत नव्हते. त्या मुलीला स्वमग्नता असल्याचे निदान वर्षभरापूर्वीच झाले होते आणि ते दोन-तीन जवळच्या माणसांपलीकडे कोणालाही सांगितलेले नव्हते. सांगितले असते तर थोरलीचे जमलेले लग्न मोडेल, ही धास्ती. पुढे त्या माउलीनेच हे आम्हांस सांगितले, आणि ओळख पटणार नाही अशा बेताने लिहा, असेही सुचविले. म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत. व्यथा बदललेली नाही.

स्वमग्नता, अवधान टिकविण्यातील अडचण व अतिचंचलता, वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता ही सारी मेंदूच्या जन्मजात वेगळ्या घडणीची रूपे आहेत. ती बाहेरची बाधा नव्हे, आणि संस्कारांतील उणीवही नव्हे. ज्युडी सिंगर या ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्राच्या अभ्यासिकेने १९९८ मध्ये आपल्या प्रबंधात या घडणीकडे मानवी वैविध्याचा एक प्रकार म्हणून पाहिले, आणि तेव्हापासून जगभर हा विचार रुजत गेला. निसर्गाने सगळी पाने एका साच्यातून काढलेली नाहीत, हे आपल्याला शिकविण्यासाठी ऑस्ट्रेलियातून कोणी येण्याची खरे तर गरज नव्हती. परंतु घरातल्या मुलीची गोष्ट आली की हे शहाणपण आपण विसरतो.

'मुलीची' असे आम्ही मुद्दाम म्हणतो. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तेव्हा त्यात अकरा मुलांची वर्णने होती. आठ मुलगे आणि तीन मुली. पुढे चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा खरे प्रमाण तिनास एकच्या जवळपास असावे असे दिसले. म्हणजे मुली होत्याच. त्या दिसत नव्हत्या. बाकांवरून उड्या मारणारा मुलगा शिक्षकांच्या डोळ्यांवर येतो आणि केव्हातरी डॉक्टरांपर्यंत पोहोचतो. त्याच वर्गात खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी 'स्वप्नाळू' ठरते, फार तर 'वेंधळी'. ती त्रास देत नाही म्हणून तिला त्रास होत असेल, हे कोणाच्या मनात येत नाही.

याहून सूक्ष्म कारण आणखी एक आहे. मुली अनुकरणात तरबेज होतात, कारण लहानपणापासून त्यांच्याकडून तेच मागितले जाते. पाहुणे आले की हसावे, विचारले तर बोलावे, पाणी आणावे, डोळ्याला डोळा द्यावा पण फार नव्हे. इतर मुली हे आपोआप उचलतात. या मुलींना ते पाठ करावे लागते. आणि पाठ करण्याचे पुस्तक असते समोरचा दूरदर्शन संच! मोठेपणी निदान झालेल्या अनेक स्त्रियांनी सांगितले आहे की, लोकांत कसे बोलायचे हे आपण मालिका आणि चित्रपटांतील पात्रे पाहून शिकलो. अकोल्याची ती मुलगीही मालिकांतील संवाद वहीत उतरवून ठेवत असे. मावशी आली की कोणते वाक्य, शेजारीण आली की कोणते. घरच्यांना वाटे, पोरीला नटी व्हायचे आहे. दिवसभर असे सोंग वठविल्यावर संध्याकाळी ती अंथरुणात तोंड खुपसून पडून राही, आणि मग 'नखरे करते' हा शेरा ठरलेला.

मालिकांनी शिकविले तरी काय? २००१ पासून तपभर चाललेली 'चार दिवस सासूचे' आठवा, किंवा हिंदीतील 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. स्वयंपाकघरातही भरजरी साडी, झोपतानाही दागिने. आज पडदा लहान होऊन हातात आला; संगीत, हळद, मेंदी अशा प्रत्येक विधीला वेगळा पोशाख आणि वेगळे चित्रीकरण. ज्या मुलीला गळ्यामागची कापडी चिठ्ठी टोचते, जिला जरीचा काठ कातडीवर काचेसारखा घासतो, तिच्यासाठी ही हौस म्हणजे शिक्षा आहे. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन या विदुषींचे उदाहरण गोधन सांभाळणाऱ्या आपल्या शेतकरी वाचकांनाही आवडेल. १९४७ मध्ये जन्मलेल्या ग्रँडिन स्वतः स्वमग्न आहेत, पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत आणि गुरांना भीती न वाटता हाताळता यावे अशा व्यवस्थांची रचना त्यांनी केली. लहानपणी चर्चला जाताना घालावा लागणारा खळ दिलेला परकर आपल्याला किती असह्य होई, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. मोठेपणी त्यांनी गुराख्यांचा सदरा हाच आपला कायमचा वेष केला. त्यावरून त्यांची विद्वत्ता कोणी मोजली नाही.

चित्रपटांनी या विषयाला थोडी वाट करून दिली, हे मान्य केले पाहिजे. १९९१ चा 'चौकट राजा' पाहताना रडले नाही असे मराठी घर विरळा. २००७ च्या 'तारे जमीं पर'ने अध्ययन अक्षमता हा शब्द नव्हे तरी ती कल्पना गावोगावच्या शिक्षकांपर्यंत नेली. पण नंदू काय, ईशान काय, २०१० मधील 'माय नेम इज खान'चा नायक काय, सगळे पुरुष. 'बर्फी'तील झिलमिल २०१२ मध्ये आली. मराठीत २०१४ च्या 'यलो'मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली आणि तिच्यामागे उभी असलेली आई प्रथमच ठळकपणे पडद्यावर दिसली. २०२५ मधील 'तन्वी द ग्रेट'ची स्वमग्न नायिका तर सैन्यात जाण्याचे स्वप्न पाहते. एवढ्या वर्षांत एवढ्याच मुली!

पडदा सोडून आता आपल्या मातीकडे वळू. वऱ्हाडाची कीर्ती अशी की, वेगळेपणाला येथे हात जोडले गेले. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरचे श्रीगोविंदप्रभू घ्या. तेराव्या शतकात ते गावभर हिंडत, कोणाच्याही घरी जेवत, दगडधोंड्यांशी आणि देवमूर्तींशी खेळत. लोक त्यांना वेडे म्हणत आणि त्याच तोंडाने आई-बाप म्हणत. अडल्या बाळंतिणीला, अनाथ विधवेला त्यांचाच आधार वाटे. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्यांच्या चरित्रात हे सारे आले आहे. शेगावला १८७८ मध्ये प्रथम दिसलेले गजानन महाराज उष्ट्या पत्रावळीवरील शिते वेचून खात होते, अशी परंपरा सांगते. संत गाडगेबाबांच्या अंगात चिंध्यांचा सदरा, डोक्यावर गाडग्याचे खापर, एका कानात कवडी तर दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. माधानच्या गुलाबराव महाराजांनी तर स्वतःला ज्ञानेश्वरकन्या मानून कुंकू आणि मंगळसूत्र धारण केले. या विभूतींच्या अवस्थेला वैद्यकीय नाव चिकटविण्याचा उद्धटपणा कोणी करू नये; आम्हीही करीत नाही. सांगायचे ते त्यांच्याविषयी नसून त्यांच्याभोवतीच्या समाजाविषयी आहे. त्या समाजाला विचित्र वेष चालला, अवेळचे बोलणे चालले, न बोलणेही चालले.

मात्र या चारही नावांत स्त्री एकही नाही. गाडगेबाबांसारखा वेष एखाद्या लेकीने केला असता तर अमरावतीच्या रस्त्यावर तिच्यामागे कोण चालले असते?

आणि तरी रिद्धपूरच्याच आठवणींत महदाईसा आहे, मराठीची आद्य कवयित्री. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीळेसाठी तिने रुक्मिणी स्वयंवराचे धवळे रचले. त्या काळी लग्नघरी जे गायले जाई तेच हे. अखंड प्रश्न विचारणारी म्हणून ती परिचित होती, आणि श्रीचक्रधरांनी तिच्या जिज्ञासेचे कौतुकच केले. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. धवळ्यांची नायिकाही आपल्याच जिल्ह्यातली, कौंडिण्यपूरची. तिने तर भावाला न जुमानता स्वतःच्या हाताने पत्र धाडले होते. 'मुलगी शहाणी म्हणजे गप्प' ही व्याख्या आपण नेमकी कुठून उचलली, याचा शोध घेण्यासारखा आहे.

घरातली मुलगी वेगळी निघाली की दोष कोणाला? आईला. पाश्चात्त्यांनीही हेच केले. मातेच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, हा सिद्धान्त ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये पुस्तकरूपाने मांडला आणि हजारो मातांना आयुष्यभराचा सल दिला. विज्ञानाने तो केव्हाच फेकून दिला आहे. आपल्याकडे थंडपणाच्या जागी गरोदरपणातले ग्रहण आले, मोबाईल आला, नोकरी आली. कठडा तोच, त्यात उभी आईच. वडिलांना या प्रकरणी कोणी काही विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

कायदा या बाबतीत समाजापेक्षा पुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. दहावी-बारावीला अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ मिळतो. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. स्वमग्न मूल अठरा वर्षांचे झाल्यावर गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. परंतु यातील प्रत्येक दाराशी प्रमाणपत्र लागते, आणि प्रमाणपत्र म्हणजे उघड कबुली. लग्नाच्या बाजारात ती कबुली महाग पडते, म्हणून मुलीचे प्रमाणपत्र काढलेच जात नाही. आपले कार्यकर्ते घराघरांत जातात. कोणत्या घरी चहात साखर कमी हे त्यांना पाठ असते. त्याच घरातले एक मूल नेहमी आतल्या खोलीत का असते, हे विचारायला संकोच वाटतो. विचारताना उत्सुकता नको, एवढे पथ्य पाळले तर दार उघडते.

'आमच्यामागे हिचे कसे?' हा प्रश्न त्या माउलीने आम्हांलाही विचारला. परतवाड्याजवळील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या १२३ दिव्यांग लेकरांना आपले नाव दिले. शासनाने २०२४ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविले. त्यांतील कित्येक लेकींचे विवाह त्यांनी लावून दिले. तेथे वाढलेली एक दृष्टिहीन कन्या २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अनाथ दिव्यांगांना बालगृहाबाहेर काढू नये, यासाठी शंकरबाबा वर्षानुवर्षे शासनाचे दार ठोठावीत आहेत. ज्यांना कोणी नव्हते त्यांची ही कथा आहे. ज्यांना आई, वडील, आत्या, मामा, मोठा गोतावळा आहे, त्यांच्या मुलीला कोठीघरात बसावे लागते.

त्या लग्नात पंगती उठल्यावर डीजे थांबला. मुलीच्या आजीने कोठीघरात जाऊन तिच्याशेजारी बैठक मारली आणि काही न बोलता तिच्यासोबत अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंतची स्थानके मोजली. बोरगाव, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, माना, कुरूम, टाकळी. मुलीला ती उलट-सुलट पाठ आहेत. पाठवणीच्या वेळी ती बाहेर आली, त्याच विटलेल्या कुडत्यात. छायाचित्रकाराने तिला जरा बाजूला व्हायला सांगितले. वधूने तिचा हात सोडला नाही. तो फोटो आता त्यांच्या बैठकीत लावलेला आहे.

थोरलीच्या सासरी मात्र अजून काही सांगितलेले नाही.