उपस्थात्याची चिकित्सा कोण करणार?

चिकित्सेच्या चार पादांचा पाठ आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेला आहे. वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी, प्रत्येकाचे चार गुण. परीक्षेत ते लिहिले आणि पदवीनंतर उपस्थात्याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला. रुग्णासोबत आलेली पत्नी वा आई आपल्याला दिसते ती पथ्य ऐकून घेणारी व औषधाचे पैसे देणारी व्यक्ती म्हणून. इतर व्याधींत हे एकवेळ खपून जाते. मद्यव्यसनात ते खपत नाही, हे मी स्वतःच्या घरात शिकलो. ते शिकताना माझ्या हातून घडलेला प्रमाद व्यवसायबंधूंपुढे मांडण्याचा संकोच आज सोडत आहे.

माझा धाकटा भाऊ अनेक वर्षे मद्याच्या आहारी गेला होता. घरात वैद्य असूनही, किंबहुना घरात वैद्य असल्यामुळेच, आम्ही ते झाकले. कामावर जाता आले नाही की त्याला ताप आल्याचे मीच दूरध्वनीवरून कळवीत असे. उधारी मी फेडली. आईने देवघरातल्या डब्यातून पैसे दिले. भावजयीने जाहिरात पाहून ‘रुग्णास न कळत’ द्यावयाचे चूर्ण टपालाने मागविले आणि तीन महिने आमटीत कालविले. मला हे ठाऊक होते. मी गप्प राहिलो.

पुढे तो एका व्यसनमुक्ती केंद्रात स्वतःच्या संमतीने दाखल झाला व पाच आठवड्यांनी परतला. झोप येत नव्हती, हातापायांत बळ नव्हते. केंद्राने दिलेला कागद न वाचताच मी अश्वगंधारिष्ट २० मिली समभाग पाण्यातून सुरू केले. अर्ध्या तासात त्याचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, वांत्या झाल्या. आई म्हणाली, “प्यायलास ना शेवटी?” भावजय रडू लागली. तो एवढेच म्हणाला, “दादा, मी प्यायलो नाही.” मीही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. रात्री तालुक्याच्या रुग्णालयात तेथील डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारले, डायसल्फिरामची गोळी चालू असताना याला मद्यार्कयुक्त काही कोणी दिले?

आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो, हे आपल्यापैकी कोणास सांगावयास नको. डायसल्फिराम घेणाऱ्यास तेवढीही मात्रा पुरते आणि गोळी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. ज्याला गोळी चालू नाही त्याच्याही जिभेला तो वास व ती चव ओळखीची असते. भाऊ त्या रात्री वाचला, परंतु त्याने गोळी सोडली आणि महिन्याभरात पुन्हा पिऊ लागला. चाळीस दिवस एक थेंबही न घेतलेल्या माणसाला आम्ही सर्वांनी मिळून खोटे ठरविले होते. त्याची भरपाई कोणत्या रसायनाने करावयाची?

शास्त्र येथे मुके नाही. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा २४वा अध्याय मदात्ययाचाच आहे. मद्य सोडून एकाएकी पुन्हा अतिमात्रेत घेणाऱ्यास होणारे ध्वंसक व विक्षय तेथे सांगितले आहेत. म्हणजे पुनरावर्तन आचार्यांना अपरिचित नव्हते. आपण मात्र भाऊ पुन्हा प्यायला की ‘नाठाळ’ म्हणून मोकळे होतो. उपस्थात्याच्या गुणांत अनुराग आहे, तसेच उपचारज्ञता व दाक्ष्यही आहे. आमच्या घरात अनुराग उदंड होता. उपचारज्ञता कोणाजवळच नव्हती, माझ्याजवळही नाही.

न कळत द्यावयाच्या चूर्णांविषयी तर स्पष्टच लिहितो, कारण ती आपल्याच औषधालयांच्या फळीवर असतात. त्यांत डायसल्फिरामसारखे काही मिसळलेले असल्यास आणि रुग्ण त्याच संध्याकाळी प्यायल्यास त्याच्या जिवावर बेतेल. निव्वळ वनस्पती असल्या तरीही रोगी हा पाद आपण स्वतःच्या हाताने छाटलेला असतो. निर्देशकारित्व हा रोग्याचा गुण सांगितला आहे. ज्याला निर्देशच दिला नाही त्याच्याकडून तो कसा पाळला जाणार? शिवाय घरात आधीच साचलेल्या लपवाछपवीत आपण आणखी एका गुपिताची भर घालतो.

एक आक्षेप मला मान्य आहे. भगिनी येते, ओढणीत तोंड लपवून विचारते, “ते यायलाच तयार नाहीत, मग मी काय करू?” तिला रिकाम्या हाताने परत पाठविणे निष्ठुरपणाचे वाटते. परंतु तिला आपण चूर्णापेक्षा अधिक काही देऊ शकतो. तिला बसवून घ्यावे, तिची स्वतःची झोप, भूक, रक्तदाब पाहावा. खोटे निरोप देऊ नयेत, उधारी फेडू नये, मारहाण झाली तर सहन करू नये, हे तिला समजावून सांगावे. तो येत नसला तरी तिने एकटीने कुटुंबीयांच्या सभेस जावे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली आणि नातलगांसाठीची अल-ॲनॉन १९५१ साली. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभे केले. तेथेही रुग्णासोबत त्याच्या कुटुंबाचा विचार होत आला आहे. जवळ काहीच नसेल तर १४४४६ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक तिला लिहून द्यावा.

आणखी एक सावधानता. अपथ्य क्रमाने सोडण्याचा पादांशिक क्रम सूत्रस्थानात आहे, म्हणून तो कित्येक जण घरच्यांच्या हाती सोपवितात. रोज मोजून पेला देणारी पत्नी पहारेकरी होते, आणि तो क्रम एका आठवड्यात मोडतो. उलट, दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने घरी एकदम मद्य बंद केल्यास दोन-तीन दिवसांत कंप, आक्षेप, भ्रम उद्भवू शकतात व त्यात मृत्यूही संभवतो. असा रुग्ण आपल्या ओसरीवर ठेवू नये, रुग्णालयात पाठवावा.

भावाला मी एकदा, सर्वांसमोर, चूक माझी होती असे सांगितले. दुसऱ्या खेपेस तो केंद्रात गेला तेव्हा आम्ही तिघेही कुटुंबीयांच्या सभांना गेलो. सर्वांत अवघड गेले ते आईला, पैशांचा डबा भावजयीच्या स्वाधीन करणे. तो परतल्यावर कोणी त्याच्या तोंडाचा वास घेतला नाही. आज त्याला सहा वर्षे झाली आहेत. मध्ये एकदा पाय घसरला होता. तो त्याने स्वतःच येऊन सांगितला.

माझ्या औषधालयात आसवारिष्टाची बाटली देण्यापूर्वी आता दोन प्रश्न विचारले जातात. घरात कोणी मद्य सोडले आहे काय, आणि त्यासाठी एखादी गोळी चालू आहे काय. गिऱ्हाईक चमकते, कधी रागावते. काही बाटल्या फडताळात परत जातात आणि त्यांऐवजी क्वाथ किंवा घनवटी बांधून दिली जाते. तिच्यात नफा कमी आहे, हे येथील औषधालयचालक मला सांगतीलच.