ब्राउझरही पारखून घ्या



चालत आले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. संगणकातील ब्राउझर मात्र आपण न पारखताच वापरतो.

मोझिला फाउंडेशन या ना-नफा संस्थेने २००४ साली 'फायरफॉक्स' आणला. तो मोफत आहे, मराठीतही मिळतो. जुन्या ब्राउझरमधील बुकमार्क व पासवर्ड त्यात आणता येतात.

मग सेटिंग्जमध्ये जा. आजी-आजोबांना वाचता यावे म्हणून झूम १५० टक्के करा. आपल्या मागावर राहणाऱ्या जाहिरातवाल्यांना रोखण्यासाठी प्रायव्हसीत 'स्ट्रिक्ट' निवडा. एखादे संकेतस्थळ अडले, तर त्यापुरते हे संरक्षण बंद करता येते.

शिष्यवृत्तीच्या अर्जात जातीचा दाखला, बँक खाते सारे असते. तो सायबर कॅफेत भरताना 'प्रायव्हेट विंडो'च उघडा आणि काम होताच ती बंद करा, म्हणजे ब्राउझरमध्ये माग उरत नाही. उतरवून घेतलेली फाइल मात्र संगणकात राहते. ती आठवणीने पुसा.

हे बदल घरातल्या मुलीच्या हातून करवून घ्या. ती शिकेल, घरालाही शिकवील.

जयभीम!